पोटावरची बॅग

गंगापूर रोडवर माझं कॅमेऱ्याचं दुकान, आणि बरोबर माझ्या डोक्यावर डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. मध्ये फक्त एक स्लॅब. डॉक्टरांनी वर ड्रिल सुरू केलं की आधी तो स्लॅब थरथरायचा, मग माझ्या काचेच्या कपाटातल्या लेन्सा, आणि मग माझं गिऱ्हाईक. एकदा एक नवरदेव लग्नाआधी कॅमेरा घ्यायला आला होता. पसंत केला, पाकिटाला हात घातला, तेवढ्यात वरून कुणाच्या तरी अक्कलदाढेची किंकाळी आली. नवरदेव माझ्या ट्रायपॉडला मिठी मारून उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." कॅमेरा की लग्न, हे मी विचारलं नाही.

आता वरचा दवाखाना बंद झाला, तिथं नखं रंगवून देणारी एक मुलगी आली आहे. स्लॅब गप्प असतो. धंदा बरा चालतो, पण मला ते गप्प असणं सोसत नाही.

अख्खा गंगापूर रोड त्या माणसाला टरकून होता. डॉक्टर सकाळी फिरायला निघाले की भाजीवाल्या तोंडावर पदर घ्यायच्या. मर्यादेपोटी नव्हे, किडकी दाढ दिसू नये म्हणून. देवळाली कॅम्पातून एक रिटायर्ड सुभेदार यायचे. उभं आयुष्य तोफांच्या आवाजात गेलेलं. ते जिना चढण्याआधी माझ्या दुकानाशी थांबायचे, मिशा सारख्या करायचे आणि माझा हात हातात घ्यायचे. "शेठ, आलो खाली तर भेटू," म्हणायचे.

आणि डॉक्टर स्वतः? दात सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीला भ्यायचे.

अंगानं ताडमाड, हात गुडघ्यापर्यंत लांब, आणि मान कायमची उजवीकडे कललेली. लोकांच्या तोंडात वाकून वाकून तिला तोच घाट पडला होता. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवर नसायची, ओठांवर असायची. भलेभले वकील त्यांच्यापुढे ओठ न हलवता बोलायला शिकले. पण त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात पाल निघाली की ते पेशंटला खुर्चीत तसंच, तोंडात कापूस कोंबलेलं, सोडून खाली माझ्याकडे यायचे. "शेठ, वर एक केस आहे. जरा बघता का?" मग मी केरसुणी घेऊन वर. पेशंटला वाटायचं, आता दाढ याने काढायची आहे. एक जण खिडकीतून उतरायला निघाला होता.

लिफ्टला भ्यायचे, कारण ती अडकते. जिन्याला भ्यायचे, कारण तो घसरडा असतो. फोटोग्राफीचं वेड जबरदस्त, पण लेन्सला बुरशी लागेल या भीतीनं पावसाळाभर कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. डॉक्टरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "भात लावायला वाटी घातली, तर खालून डोळा वटारून बघतंय कुणीतरी! मी किंचाळले. हे धावत आले ते मला नाही हो विचारलं काही. म्हणाले, चरा पडला का?"

भीतीबद्दल त्यांची स्वतःची एक उपपत्ती होती. "भीती ही अक्कलदाढेसारखी असते, शेठ. उशिरा येते, जागा नसते, तरी येते. आणि उपटली की शेजारची दाढ दुखायला लागते." गोदाघाटावर फोटो काढायला गेले की बॅग पोटावर बांधायचे. का, तर, "पाठीवरची बॅग आपली नसते. ती मागच्या माणसाची असते." घाटावर ते ठीकच होतं. तिथं पाकीटमार आहेत, सपाट फरशी आहे. पण या माणसाचा सिद्धान्त एकदा बसला की बसला. पुलावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गर्दी दिसली की बॅग पाठीवरून पोटावर.

या बॅगेनंच आमची दोघांची खरी गाठ घातली.

झालं असं की डॉक्टरांना बर्फ बघायचा होता. बघायचा म्हणजे त्याचे फोटो काढायचे होते. लेक-जावई हिमाचलात वरच्या अंगाला घेऊन जाणार होते. पण आयुष्यभर वाकून डॉक्टरांचा उजवा खांदा कामातून गेलेला. एका खांद्यावरची झोळीसारखी बॅग घेतली की संध्याकाळपर्यंत हात वर होत नसे, आणि दातांच्या डॉक्टरचा हात वर झाला नाही तर पेशंटला आनंद होतो, डॉक्टरला नाही. तेव्हा प्रवासाला आरामाची, दोन्ही खांद्यांवरची, कंबरपट्टा असलेली बॅग पाहिजे. आणि डॉक्टर म्हणजे काय 'ही दाखवा, द्या' असलं गिऱ्हाईक नव्हे. ते रोज दुपारी दवाखाना बंद झाला की खाली यायचे आणि माझ्या भिंतीवरची एक बॅग उतरवायचे. असं एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळीपर्यंत चाललं.

रिकाम्या बॅगेवर त्यांचा विश्वास नव्हता. "रिकामी बॅग म्हणजे साखरपुड्यातला नवरा. सगळ्यांनाच छान बसते." मी म्हणालो, मग माझे कॅमेरे घाला आत. तर नाही, कॅमेरा पडेल. मग त्यांनी स्वतःच वजनाची सोय केली. कवळी करायला ते पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा पाडत. असे जुने साचे दवाखान्यात पोत्यानं पडलेले. ते पिशवी भरून खाली आणायचे आणि एकेक जबडा बॅगेच्या कप्प्यात लावायचे. हा कॅमेऱ्याच्या जागी, हा मोठ्या लेन्सच्या जागी. "हा सिडकोतल्या मास्तरांचा, वरचा. जड आहे. मास्तरही जडच होते." मग बॅग पाठीवर चढवून दुकानात फेऱ्या. काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून काउंटरपर्यंत, मान उजवीकडे, आणि पाठीत खडखड खडखड. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, दुकानात थंडी वाजून एक अख्खं गाव दात वाजवतंय.

एकदा ते जबडे काढायला विसरले. दुसऱ्या दिवशी एक बाई मुलीच्या सहलीसाठी बॅग बघायला आल्या. मी तोंड भरून सांगतोय, आतलं अस्तर बघा, कप्पे बघा. त्यांनी चेन उघडली. आतून सहा-सात माणसं हसत होती. त्या बाई पुन्हा कधी गंगापूर रोडला दिसल्या नाहीत; नाशिक सोडल्याचं ऐकलं. डॉक्टरांना सांगितलं तर शांतपणे म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? माझे पेशंट आहेत. चावत नाहीत."

पण बॅगेतलं त्यांना कळायचं, हे कबूल केलंच पाहिजे. "खांद्याला विचारून बॅग घेऊ नये, शेठ. खांदा भिडस्त असतो, दुकानात काही बोलत नाही. कंबरेला विचारावं." हे वाक्य मी पुढे इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं की आता मला ते माझंच वाटतं. कंबरपट्टा हाडावर बसतो की हाडाखाली सरकतो, पट्ट्याची कड मानेला कापते का, बसून उठताना वजन मागे ओढतं का. सगळं बघायचे, आणि शेवटी मान हलवून बॅग खिळ्याला परत. "बसत नाही."

दिवाळीनंतर माझा संयम संपला. मी दुकानदार माणूस. मला वाटलं, यांना एकदा खऱ्या चढावर नेलं की खरी बॅग पटेल, नाहीतर कायमचे घरी तरी बसतील. म्हणालो, "डॉक्टर, दुकानाच्या फरशीवर हिमालय कळायचा नाही. चला, हरिहरला जाऊ."

त्र्यंबकच्या पलीकडे हरिहर किल्ला आहे. त्याच्या पायऱ्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. न पाहिलेल्यांसाठी सांगतो: कुणीतरी कड्याला शिडी टेकवली आणि मग तिचा दगड झाला. पायरीच्या दोन्ही कडांना हात घालायला खोबणी कोरलेल्या. चढताना नाक पायरीला लागतं. उतरताना तोंड कड्याकडे करून, एकेक पाय खाली चाचपत यायचं. मागे काही नाही. मागे म्हणजे थेट दरी.

मला वाटलं डॉक्टर नाही म्हणतील. ते बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग भिंतीवरची एक बॅग उतरवून म्हणाले, "बॅग आवडली नाही तर परत घ्याल?"

माझ्या काउंटरच्या मागे पाटी होती: घासलेला, वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पाटीकडे बोट केलं. "चरा नसेल तर घेईन. किमतीचं लेबलसुद्धा तसंच राहू द्या."

"चरा पडणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणि त्या घटकेपासून त्यांच्या सगळ्या भीत्यांमध्ये एक नवी भीती जन्माला आली. तिच्यापुढे पाल, लिफ्ट, बुरशी सगळ्या लहान बहिणी.

पहाटे त्यांना न्यायला गेलो तेव्हा वहिनी फाटकाशी उभ्या. हातात पोळीभाजीचा डबा. "भाऊजी, कॅमेरा घरीच ठेवलाय यांनी. बॅगेत नुसते जबडेच भरलेत."

"ट्रायल आहे," डॉक्टर गाडीतून म्हणाले. "ट्रायलला कॅमेरा कशाला धोक्यात घालायचा?"

"आणि स्वतः?" वहिनींनी विचारलं. डॉक्टर खिडकीची काच वर करत होते. वहिनी मग माझ्याकडे वळल्या. हसत होत्या, पण डबा माझ्या हातात देताना सोडेनात. "नेताय तसे आणा हो यांना. भिऊन गेले की हातपाय हलत नाहीत यांचे. एकदा काळाराम मंदिराच्या गर्दीत असेच उभे राहिले होते खांबासारखे. मी धरून आणलं होतं."

मी हसलो. म्हणालो, "वहिनी, जबाबदारी माझी." माणसानं गाडीत बसायच्या घाईत असली वाक्यं बोलू नयेत.

चढताना बॅग पाठीवर होती आणि, देवाशपथ, सुरेख बसली होती. जंगलातला चढ डॉक्टर माझ्यापुढे चालले. पायऱ्यांच्या तळाशी झाडाखाली एक मावशी लिंबूसरबत विकत होत्या. त्यांनी डॉक्टरांच्या पाठीतली खडखड ऐकली.

"बाबा, काय भरलंय एवढं? भांडी हायेत का?"

"दात," डॉक्टर म्हणाले.

"कुणाचं?"

"लोकांचे."

मावशींनी ग्लास धुवायचा थांबवला. मला हळूच म्हणाल्या, "हे लेबल बी लोंबतंय बघ. इकत घेतलंय का पळवून आणलंय?" मग वर कड्याकडे बघून, "वरती जा, पर येताना घाई करू नका. दगूड लय वंगाळ हाय. आन् माकडं हायेत."

चढ निभावला. भीती वाटली, पण चढताना डोळ्यांपुढे दगड असतो, त्यामुळे माणूस दगडाला भितो, दरीला नाही. पायऱ्या संपल्यावर दरवाजा लागतो, आणि मग कड्याच्या पोटात कोरलेली एक वाट: डोक्यावर दगड, डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला हवा. तिथं वाकून जावं लागतं. डॉक्टर वाकले, पण बॅग त्यांच्या डोक्याच्या वर बोटभर होती. ती वरच्या दगडाला लागली. खर्रर्र.

डॉक्टर जागच्या जागी थांबले. "शेठ. चरा?"

मागून बघितलं. काही नव्हतं, धूळ होती. "काही नाही, चला."

"बोटानं पुसून बघा."

उजवीकडे गाव दिसावं इतकी खोल दरी, आणि मी माझ्याच दुकानातली बॅग रुमालानं पुसत होतो.

वर टाक्याशी बसून डबा खाल्ला. वारा असा की पोळी धरून ठेवावी लागत होती. तेवढ्यात एक वानर आलं, डॉक्टरांच्या मागे बसलं, आणि दुकानात गिऱ्हाईक उघडतं तसं त्यानं बॅगेची चेन सावकाश अर्धी उघडली. डॉक्टरांनी वळून पाहिलं. आता, माझं म्हणणं असं आहे की ते वानर हसलं. डॉक्टरांचं म्हणणं, त्याच्या खालच्या दाढा किडल्या होत्या. काही असो, ते पळालं. डॉक्टरांचा चेहरा मात्र पिठासारखा झाला होता. त्यांनी बॅग उतरवली, फिरवली आणि पोटावर बांधली. दोन्ही खांदेपट्टे उलटे, कंबरपट्टा पाठीमागे ओढून क्लिप खाट्कन लावलेली.

"पाठीवरची बॅग आपली नसते," म्हणाले.

"डॉक्टर, उतरताना तोंड कड्याकडे करायचंय. मध्ये बॅग येईल. पाठीवर घ्या."

"पाठीवर घेतली तर त्या वाटेत पुन्हा घासेल. वर माकडं."

"मग माझ्याकडे द्या."

"मग ट्रायल कोणाची झाली? तुमची."

मी अजून दोनदा सांगितलं. ते लेबल बॅगेच्या आत खोचत राहिले. आणि कोरलेल्या वाटेनं, बॅग पोटाशी कवटाळून, मांजरीनं पिल्लू न्यावं तसे ते खरोखरच एकही ओरखडा न पडू देता दरवाज्यापर्यंत आले. मलाही क्षणभर वाटलं, जमेल.

मी आधी उतरायला लागलो, ते माझ्यावर. वरून कॉलेजची पाचसहा पोरं-पोरी उतरायला येऊन थांबली होती. थोडं खाली आल्यावर मी वर पाहिलं.

डॉक्टरांच्या आणि कड्याच्या मधून मला आभाळ दिसत होतं.

कड्यावर माणूस असावा, कडा असावा, मध्ये आभाळ दिसू नये. बॅगेनं त्यांना दगडापासून लांब ढकललं होतं. लांब हात पूर्ण ताणलेले, बोटांची टोकं तेवढी खोबणीत, पाठ दरीवर झुकलेली. आणि हे कमी होतं म्हणून की काय, ते स्वतःच छाती मागे घेत होते.

"डॉक्टर! पोट आत घ्या, कड्याला चिकटा!"

"बॅग आहे मध्ये."

"टेकवा मग तिला दगडाला!"

"घासेल."

मला आधी वाटलं, वाऱ्यामुळे चुकीचं ऐकू आलं. "काय?"

"घासेल, शेठ. मग तुम्ही परत घेणार नाही."

वर पोरं थांबलेली. खाली मावशी ग्लास हातात घेऊन उभ्या. आणि मधे, ज्या माणसाला जसा नेला तसा आणायचं वचन मी फाटकावर देऊन आलो होतो, तो माणूस माझ्या पाटीचा मान राखत दरीत कलत होता.

"घेतो!" मी ओरडलो. "परत घेतो! घासा!"

"पाटीवर तसं नाही."

"पाटी काढून टाकतो!"

"कधी?"

"आत्ता! उतरल्यावर! डॉक्टर, तुमच्या पाया पडतो, घासा तिला!"

वरून एक पोरगी ओरडली, "काका, आम्ही साक्षीदार आहोत! घासा तुम्ही बिनधास्त!"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला असावा. मग हळूहळू ते पुढे झुकले. आभाळाची फट बारीक झाली, दोरीएवढी झाली, मिटली. बॅग पायरीच्या कडेवर करकरत टेकली. तो आवाज, एरवी माझं काळीज कापणारा, मला सनईसारखा वाटला.

पण पायरीच्या कडेनं अर्धी उघडी चेन अजून उघडली. एक जबडा बाहेर आला. माझ्या कानाजवळून गेला, पांढरा, वरच्या ओळीचा, हसत. खालच्या पायरीवर आपटला. टक्. मग अजून खाली, टक्. मग आवाज बारीक झाला, मग वाळूसारखा. मग काहीच नाही.

वरची पोरं वाकून खाली बघायला लागली. मावशींनी कपाळाला हात लावला.

त्या 'काहीच नाही'नं डॉक्टरांना दरी किती खोल आहे ते सांगितलं. इतका वेळ ते बॅगेसाठी भीत होते. आता पहिल्यांदाच ते स्वतःसाठी भ्याले. त्यांच्या पोटऱ्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या. त्या आधी थरथरल्या, आणि मग थरथरायच्या थांबल्या. तेच वाईट होतं. वहिनी म्हणाल्या होत्या ते हेच. खांब.

"डॉक्टर, उजवा पाय खाली."

पाय हलला नाही.

"काका, काय झालं? चला ना," वरून कुणीतरी म्हणालं.

"कुणी बोलू नका," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. आयुष्यात इतका हळू मी फक्त भाव सांगतानाच बोललो आहे.

क्लिप त्यांच्या पाठीमागे होती, माझ्या हातापासून लांब. बॅग सोडवायची तर त्यांनी एक हात काढायला हवा होता, आणि तो हात निघाला असता तर सगळंच निघालं असतं. दोर नव्हता. मी एक हात खोबणीतून काढला. डावा. माझा उजवा हात तेवढा दगडात राहिला, आणि तो घामानं ओला होता, हे मला त्याच वेळी कळलं. मी त्यांचा उजवा घोटा धरला. थंडगार होता, मोज्यातूनसुद्धा.

"डॉक्टर, हा मी आहे. घोटा माझ्या हातात आहे. तुम्ही काही करायचं नाही. मी पाय उचलतो आणि पुढच्या पायरीवर ठेवतो. तुम्ही फक्त ठेवू द्या."

वरून आवाज आला. "शेठ."

"हं."

"मला खाली बघता येत नाही. बॅग मध्ये येते."

"तुम्ही बघूच नका. मी बघतो."

मी पाय उचलायला गेलो. तो उचलेना. लोकांच्या जबड्यात हात घालून 'सैल सोडा, सैल सोडा' म्हणणाऱ्या माणसाचा पाय दगडात रुतल्यासारखा होता. मी ओढला नाही. नुसता धरून उभा राहिलो. माझं कपाळ पायरीला टेकलेलं, पायरीला गवताचा वास, आणि पाठीमागे ती एवढी मोठी रिकामी जागा, जी दिसत नव्हती पण मानेवर श्वास घेत होती. मी मनातल्या मनात वहिनींना काय सांगायचं याची वाक्यं करायला लागलो. पहिलंच वाक्य होईना.

मग घोटा थोडा ढिला झाला. बिळातून उंदराचं शेपूट निसटावं इतकाच. मी उचलला, खाली आणला, पायरीवर चवडा बसवला. "हा. टेका. आता डावा."

"डावा कुठंय?"

"माझ्याकडे आहे."

असे आम्ही उतरलो. एक पाय त्यांचा, मग एक माझा. प्रत्येक पायरीला बॅग दगडावर करकरत होती, आणि मधूनच एखादा जबडा निघून खाली जात होता. आम्ही दोघंही तो आवाज संपेपर्यंत थांबायचो. एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला आणि बूट माझ्या खांद्यावर बसला. त्यांचं सगळं वजन, बॅग, सगळं गाव. माझी बोटं खोबणीतून सरकली. किती सरकली सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा वाढवून सांगतो. पण ही एकच गोष्ट मी कमी करून सांगतोय. मग त्यांचं वजन परत वर गेलं.

"काका, भारी चाललंय," ती पोरगी वरून म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं.

खालून मावशींचा आवाज जवळ येत गेला. "येऊ द्या, येऊ द्या. आता थोडंच हाय. हां, आसं. देव करो." आणि मग माझ्या पायाखाली दगड संपला आणि माती लागली. मी त्यांचा उजवा पाय मातीवर ठेवला. मग डावा.

डॉक्टर कड्याला चिकटून तसेच उभे. बोटं अजून खोबणीत, गाल दगडाला, बॅग मध्ये चेपलेली.

"शेठ, पुढची कुठंय?"

"पुढची नाही. संपल्या."

"नाही, पुढची कुठंय? उजवा ठेवा."

"डॉक्टर, संपल्या पायऱ्या. जमीन आहे."

ते काही हलले नाहीत. डोळे गच्च मिटलेले. "शेठ, तुम्ही दुकानदार आहात. खरं सांगा."

"आईशपथ. जमीन आहे. मावशी, सांगा यांना."

"आवं जमीन हाय बाबा," मावशी म्हणाल्या. "मी काय दरीत उभी हाय का?"

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. माती बघितली, मावशींच्या चपला बघितल्या, सरबताची बादली बघितली. छातीतून एक लांबलचक श्वास निघाला. मग त्यांनी बॅगेवरून वाकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसलो होतो.

"मग पाय सोडा की माझा," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. त्यांचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. मी सोडायला गेलो. बोटं उघडेनात.